तिसऱ्या ओळीतला शेवटचा खिळा

डोळे मिटून घ्या आणि एक भिंत मनात उभी करा. फार मोठी नको. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर झाकली जाईल एवढीच. तिच्यावर खिळ्यांच्या ओळी ठोका. प्रत्येक खिळ्याला एक किल्ली अडकवा, आणि किल्लीला पत्र्याची एक टिकली. टिकलीवर नाव कोरा, नावाखाली पत्ता. झाली उभी? मग तुम्ही आप्पांच्या कुलपांच्या दुकानात येऊन पोचलात. ही भिंत दुकानापेक्षाही जुनी आहे, असं या घरातली माणसं सांगतात. ते खरं नाही, पण सांगताना त्यांना बरं वाटतं.

भिंतीचा रिवाज आप्पांच्या वडिलांनी पाडला. घरातलं कुणीही नव्या जागी राहायला गेलं, की त्या दाराची एक जादा किल्ली भिंतीवर यायची. आपलं माणूस दाराआड अडकलं तर बाहेरून उघडणारं कुणीतरी हवं, असं ते म्हणत. त्यानंतर कुणी कुणाचं दार उघडायला धावून गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण खिळे मात्र वाढत गेले.

आप्पांचा थोरला मुलगा तीस वर्षं त्या दुकानात किल्ल्या कापत होता. एक किल्ली कापून झाली, की त्याचा हात आपोआप दुसरी घ्यायचा. डोक्याला विचारायचाच नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजचा घोळ त्या हातानेच घातला आहे.

आज शनिवार. धाकट्या बहिणीच्या नव्या खोल्या लावायच्या होत्या आणि थोरला दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढला होता. खोल्या दोनच. ओट्यावरचा नळ गळका, खिडकीचं एक तावदान पिवळं आणि बाकीची पांढरी. पण धाकटी प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत होती, जणू भिंती मऊ आहेत. डावा हात. उजवं मनगट डॉक्टरांनी जुळवलं होतं, तरी थोडं वाकडंच राहिलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी ती त्या मनगटासकट, नऊ वर्षांच्या मिरीला घेऊन, बायकांच्या आधार केंद्राच्या पायऱ्या चढली होती. माहेरची पायरी तिने चढली नाही. याचा अर्थ काय, हे थोरल्याला कळत होतं आणि त्यावर तो विचार करत नव्हता. केंद्रातल्या ताईंनी तिला आधी डॉक्टरांकडे नेलं, मग वकिलांकडे. निवाऱ्यात जागा दिली, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम मिळवून दिलं, आणि न्यायालयाचा आदेशही मिळाला, की नवऱ्याने या दोघींच्या घराकडे, कामाकडे, शाळेकडे फिरकायचं नाही. नव्या खोल्यांचा पत्ता घरच्या चार माणसांना ठाऊक होता, आणि तो कुणालाही सांगायचा नाही असं ताईंनी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं.

"मामा, त्या बिजागरीला तेल घाल," मिरी खिडकीच्या कट्ट्यावरून म्हणाली. "केव्हाची कुरकुरतेय."

"घालतो बाईसाहेब. आणखी काही हुकूम?"

मिरी हे तिचं टोपणनाव. दिसायला एवढीशी आणि जिभेला झोंबणारी, म्हणून. ती घरात बूट घालून बसली होती, नाड्या आवळून बांधलेले. निवाऱ्यातल्या मुलांना ताईंनी शिकवलं होतं, की बूट दाराशी ठेवावेत, पटकन निघावं लागलं तर सापडतात. मिरीने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. तिने ते पायातून काढणंच सोडलं. आंघोळीपुरते निघायचे, की पुन्हा पायात. झोपतानासुद्धा.

"अगं, गादीवर तरी काढ," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, सत्तरीची. ती गुंडाळलेल्या गादीवर बैठक मारून बसली होती आणि सकाळपासून धाकटीला ऐकवत होती. "मी नाही काढले दिवस? आमच्या वेळी असली केंद्रं होती का कुठे? माणूस तापट असतो, निवतो."

"निवेपर्यंत मनगटं किती लागतात, आत्या?" धाकटीने विचारलं.

आप्पा खुर्चीत टेकले होते. ते कुणाच्याच बाजूने नसायचे, आणि दर वेळी त्याचा अर्थ जावयाच्या बाजूने असा व्हायचा.

थोरला तेलाची कुपी शोधत होता. मिरीने पुन्हा हाक मारली. "मामा, आमची किल्ली भिंतीवर लागली?"

"लागली की. परवाच. तिसरी ओळ, शेवटचा खिळा. टिकलीवर आधी तुझं नाव, मग तुझ्या आईचं."

मिरीने मान ताठ केली. भिंतीवर नाव येणं ही या घरात लहान गोष्ट नव्हती.

ताई भांड्यांचं खोकं सोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"टिकलीवर आणखी काय लिहिलंय, दादा?"

"पत्ता. पत्ता असतोच ना..." बोलता बोलता थोरल्याचा आवाज खाली गेला.

"आज दुकानात कोण कोण आलं होतं?"

थोरल्याच्या हातातली कुपी तिरकी झाली आणि तेल बोटांवर आलं. त्याने ते पुसलं नाही. "सकाळी तो आला होता," तो म्हणाला. "बॅगेचं कुलूप अडकलंय म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. मी आत गेलो, त्या मापाची किल्ली शोधायला."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं. सात असतील."

धाकटी भिंतीला टेकली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. थोरल्याने फोन लावला. दुकानात गल्ल्यावर त्याची बायको होती. तिला सगळं घर वहिनी म्हणायचं.

"कुठला खिळा म्हणालात?" वहिनीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "तिसरी ओळ... रिकामा आहे, अहो. थांबा, खाली पडली असेल." स्टूल सरकवल्याचा आवाज आला.  "नाहीये हो."

थोरल्याला वाटलं, कुणीतरी आता ओरडावं. बहिणीने थोबाडीत मारली असती तरी त्याने गाल पुढे केला असता. तीस वर्षं लोकांची घरं बंद करून देणारा माणूस, आणि सख्ख्या बहिणीचं घर त्याने पत्त्यासकट भिंतीला टांगलं होतं.

"मी... माझ्या हाताने..." एवढंच त्याला जमलं.

"दादा, स्वतःला शिव्या नंतर द्या," ताई म्हणाल्या. "पोटभर द्या. आत्ता काम आहे." त्यांनी पोलीस ठाण्यात फोन करून सगळं सांगितलं, आदेशाचा नंबर दिला, आणि मग धाकटीसमोर जाऊन बसल्या. "आता तू ठरव. निवाऱ्यात परत यायचं असेल तर गाडी दहा मिनिटांत खाली उभी राहील. त्यात कमीपणा नाही."

"तेच बरं," आप्पा खुर्चीतून म्हणाले. "दोन दिवस जा, पोरी. तोवर मी बोलतो त्याच्याशी."

"तीन वर्षं तुम्ही त्याच्याशीच बोलताय, आप्पा."



"मग येऊ दे की त्याला," आत्या म्हणाली. "चार माणसं आहोत आपण. बसवून बोलू."

 धाकटी खिडकीकडे पाहत होती, पिवळ्या तावदानाकडे आणि त्याच्या अलीकडे बसलेल्या मुलीकडे. मिरी पाठमोरी झाली होती आणि खाली वाकून बुटांच्या नाड्यांना आणखी एक गाठ मारत होती. एक मारली. मग तिच्यावर दुसरी.

"ताई," धाकटी म्हणाली, "मी राहिले तर चालेल का? खरं सांगा."

"चालेल. पण एकटीने नाही, आणि काहीही झालं तरी दार उघडायचं नाही. तो आत यायला नको म्हणून आपण इथे आहोत, त्याला धडा शिकवायला नाही."

"मग मी राहते. त्याच्या घरातून पळाले ते बरोबरच केलं. पण हे माझं घर आहे. इथून कशाला पळू?"

ताई उठल्या. घर मिळवण्याआधी शेजार बघायचा, ही त्यांच्या केंद्राची पद्धत होती. खोल्या पक्क्या करण्यापूर्वी त्यांनी आणि धाकटीने मिळून या इमारतीतलं एकेक दार ठोठावलं होतं, आणि दोन दारांतून होकार आला होता: खालच्या मजल्यावरचे शिंपी आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. पाण्याचा पाइप तिन्ही मजल्यांतून जायचा. त्यावर तीन ठोके पडले, की हातातलं काम टाकून यायचं, असं ठरलं होतं. ताई दोघांनाही सांगून आल्या. नर्सबाई रात्रपाळी करून झोपल्या होत्या. "झोप काय, रोजचीच आहे," असं म्हणून त्यांनी चपला दाराशी काढून ठेवल्या.

तेवढ्यात वहिनी धापा टाकत वर आली. एका हातात कुलपाचं खोकं, दुसऱ्या हातात किणकिणणारी पिशवी.

"दुकान?" आप्पांनी विचारलं.

"बंद केलं."

"शनिवारी?"

"हो. शनिवारी." वहिनी सहसा सासऱ्यांना असं तुटक उत्तर देत नसे. तिने पिशवी जमिनीवर ठेवली. "आणि घरच्या सगळ्या किल्ल्या भिंतीवरून काढून आणल्यात. हात पुढे केला की मिळतायत, तर ठेवायच्या कशाला? अहो, बघताय काय, घ्या हे."

आता कुलपाबद्दल थोडं सांगायला हवं. दारात बसवलेल्या कुलपाच्या आत एक लहानशी नळी असते. तिच्यात पितळेच्या पिना उभ्या असतात आणि किल्लीचे दात त्यांना हव्या त्या उंचीवर उचलतात. या घरात त्या नळीला पोट म्हणतात. पोट बदललं, की दार तेच, कुलूप तेच, पण जुनी किल्ली परकी होते. थोरल्याला हे काम डोळे झाकून यायचं. एरवी दहा मिनिटांत केलं असतं.

त्याने पहिला स्क्रू सोडवायला घेतला आणि स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. बोटं तेलाने बुळबुळीत झाली होती. स्क्रू हातातून सुटून घरंगळत आत्याच्या पायाशी गेला.

"सरक, दादा," धाकटी म्हणाली.

"अगं, तुला कुठे..."

"सरक. तू पराक्रम केलास, आता कुलूप मी करते."

टोमणा लागायचा तिथे लागला, पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता. थोरला सरकला. दुकानात मुलींना कामाच्या टेबलाशी बसायची मनाई होती; तोही आप्पांच्या वडिलांचाच रिवाज. धाकटी लहानपणी पायरीवर बसून पाटीवर अक्षरं काढायची, असं सगळ्यांना वाटायचं. आता तिने डाव्या हाताने स्क्रूड्रायव्हर असा काही धरला, की आप्पा खुर्चीत पुढे झाले.

"हे कधी शिकलीस?"

"तुम्ही दादाला शिकवत होतात तेव्हा. मी पाटीकडे बघत नव्हते, आप्पा."

खोलीत फक्त स्क्रू फिरण्याचा आवाज होता. आणि पिशवीतल्या किल्ल्यांचा, कारण आत्याने ती मांडीवर ओढून घेतली होती आणि एकेक टिकली डोळ्यांजवळ धरून वाचत होती. एका किल्लीवर ती थांबली. काळी पडलेली, जुन्या पद्धतीची, लांब दांड्याची.

"भाऊ, ही माझी ना?"

आप्पांनी लांबूनच ओळखली. "पहिली ओळ, पहिला खिळा."

"अठ्ठेचाळीस वर्षं." आत्याने किल्ली तळहातावर तोलली. "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी एकदा दुकानात आले होते. आठवतं तुला? कान सुजला होता. एका बाजूने ऐकू येत नव्हतं. बाबा म्हणाले, घरी जा. तू मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, 'काळजी करू नको, किल्ली आहे आपल्याकडे.'"

आप्पांची नजर त्या किल्लीवरून हलली नाही.

"तू म्हणालास ते मी खरं मानलं. रोज संध्याकाळी तो यायच्या वेळेला मी दाराकडे बघत बसायचे. वाटायचं, आज आधी भाऊ येईल. बाहेरून किल्ली फिरेल." तिने मान हलवली. "तो गेला तेव्हा माझे केस पिकले होते. या कानाने मला अजून ऐकू येत नाही, आणि तुम्हाला सगळ्यांना वाटतं, म्हातारपण आहे."

थोरला आत्याच्या नेहमी डाव्या हाताला बसायचा, कारण ती उजव्या बाजूने बोललेलं ऐकत नसे. जन्मापासून तो तसाच बसत आला होता. का, हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"आणि सकाळपासून मी हिला सांगतेय, माणूस निवतो म्हणून," आत्या म्हणाली. "निवला नव्हता गं. मेला होता." तिने पायाशी पडलेला स्क्रू उचलला आणि धाकटीपुढे धरला. "घे. घट्ट बसव."

मग आप्पा खुर्चीतून उठले. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी हत्यार खाली ठेवलं होतं. ते आता हळूहळू, दाराच्या चौकटीला धरून, लेकीशेजारी जमिनीवर बसले.

"पोट सरळ सरकव. जोर नको करू. अडलं की अर्धा फेरा मागे घे."

"असं?"

"असं. आता पुढे." बराच वेळ ते तिच्या हाताकडे पाहत राहिले. "थोरल्यापेक्षा हात हलका आहे तुझा. आधी बघायला हवा होता."

कुलूप बसलं. वहिनीने नवी किल्ली चार वेळा फिरवून पाहिली. ताईंनी न्यायालयाच्या आदेशाची प्रत दाराला बाहेरून चिकटवली, अक्षरं सरळ दिसतील अशी, आणि दार आतून बंद केलं.

चार वाजून गेल्यावर जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. मिरीने ती सर्वात आधी ओळखली. ती कट्ट्यावरून उतरली, मामाच्या हत्यारांतला पान्हा दोन्ही हातांनी उचलला आणि ओट्यामागच्या पाइपाजवळ जाऊन उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

ठण. ठण. ठण.

आवाज भिंतीतून वर गेला आणि खाली गेला. पावलं दाराशी थांबली. कुलपात किल्ली शिरली.  किल्ली डावीकडे ढकलली गेली, उजवीकडे ढकलली गेली. पिना जागच्या हलल्या नाहीत. बाहेर काढली, पुन्हा घातली. पितळेवर दात घासल्याचा आवाज आला, आणि तीस वर्षांत एखादं कुलूप न उघडल्याचं थोरल्याला प्रथमच एवढं बरं वाटलं.

"मिरी," बाहेरून आवाज आला, मायेने ओथंबलेला. "बाबा आलाय. दार उघड, बाळा."

मिरीने पान्हा छातीशी धरला. थोरल्याचा हात कडीकडे गेला होता. एकदाच दार उघडावं आणि त्या माणसाची गचांडी धरावी, एवढंच त्याला हवं होतं. ताईंनी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, बस्स. त्याने हात खाली घेतला.

वरून चपलांचा आवाज आला, खालून खोकल्याचा.

"कोण हवंय?" नर्सबाईंचा आवाज. झोपमोड झालेल्या माणसाचा, पण शांत.

"माझी बायको आहे आत. माझं घर आहे."

"असं होय," शिंपी म्हणाले. धाकटीला दारातल्या भोकातून ते दिसत होते. गळ्यात टेप, ओठांत टाचणी, ती काढून त्यांनी सदऱ्याला खोचली. "घर आपलं असलं तर किल्ली लागते हो. तुमची लागत नाहीये. जागा चुकली असेल."

"तुम्ही मध्ये पडू नका. घरातली गोष्ट आहे."

"मध्ये कुठे? आम्ही जिन्यात आहोत. जिना सगळ्यांचा."

तो आता दारावर थापा मारू लागला. मायेचा आवाज गेला आणि खालचा, ओळखीचा आवाज वर आला. धाकटी दारापासून हातभर अंतरावर उभी होती. तो आवाज ऐकला की पूर्वी तिचे खांदे आपोआप वर चढायचे. थोरल्याने पाहिलं, आजही चढले. मग तिने ते मुद्दाम, एकेक करून, खाली आणले.

"दारावर कागद आहे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "वाच."

"तू बाहेर ये, मग बघू कागद."

"मी येणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. वाचायचं नसेल तर उभा राहा, वाचून दाखवणारे येतायत."

ते आले, सहा-सात मिनिटांत. एक पोलीसबाई आणि तिच्याबरोबर एक हवालदार. बाईंनी आदेश मोठ्याने वाचला, सगळा, तारखेसकट, आणि मग हात पुढे केला. "किल्ली द्या." थोरल्याला टिकली किल्लीवर आपटल्याचा बारीक आवाज आतूनही ओळखू आला. तो गेला तेव्हा जिन्यात पावलं उतरताना भराभर वाजली, आणि त्याच्या मागून दोन जोड्या, संथ.

ताईंनी बाहेरचा कानोसा घेतला आणि मगच दार उघडलं. त्याला खाली गाडीत हवालदाराच्या ताब्यात बसवून पोलीसबाई परत वर आल्या होत्या. टिकली त्यांनी उजेडात धरली.

"नाव, पत्ता, सगळं आहे. हे अक्षर कुणाचं?"

दोन महिन्यांपूर्वी वकिलांनी थोरल्याला विचारलं होतं, बहिणीच्या अंगावरचे वळ तुम्ही पाहिले होते ना, सांगाल का? तेव्हा तो म्हणाला होता, मला यात ओढू नका, नाती आहेत. आता वहिनी त्याच्याकडे पाहत होती. आप्पाही पाहत होते. धाकटी मात्र पाहत नव्हती. तिने त्याच्याकडून अपेक्षा ठेवणं कधीच सोडून दिलं होतं, आणि हेच त्याला सर्वात जास्त लागलं.

"माझं," तो म्हणाला. "मी कोरलंय. किल्ली कशी गेली ते मी सांगतो. आणि त्याआधीचंही सांगायचंय. वळांचं. सगळं लिहून घ्या."

तेव्हा धाकटीने वळून पाहिलं.

जबाब देऊन थोरला परतला, तेव्हा खोली माणसांनी भरली होती. नर्सबाई गादीवर आत्याच्या उजव्या हाताला बसून तिचा बहिरा कान बघत होत्या आणि सोमवारी दवाखान्यात या म्हणून बजावत होत्या. शिंपी गळक्या नळाला चिंधी बांधत होते आणि वहिनी त्यांना ती कशी बांधायची ते शिकवत होती, म्हणजे नळ गळतच होता. सगळे एकदम बोलत होते आणि हसत होते, कशाला ते कुणालाच सांगता आलं नसतं.

खोक्यातून नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या निघाल्या होत्या. धाकटीने त्या ओट्यावर मांडल्या. थोरल्याचा हात सवयीने पुढे झाला.

"नको, दादा," ती म्हणाली.

"नाही... बरोबर आहे तुझं." हात त्याने खिशात घातला. "भिंत उतरवतो मी. उद्याच."

"भिंत राहू दे. नावं-पत्ते काढ. आणि कुणाची किल्ली लावायची, ते त्या माणसाला विचार. आजवर कुणी विचारलंच नाही." तिने एक किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. दुसरी उचलली, आप्पांपुढून नेली, ताईंपुढून नेली, आणि आत्याच्या हातात ठेवली.

"मला?" आत्या म्हणाली. "अगं, मी काय धावत येणार? मला जिना चढायला अर्धा तास लागतो."

"लागू दे. तू येशील."

आत्याने दोन्ही किल्ल्या, काळी आणि नवी, एका दोरीत ओवल्या आणि खूप वेळ तोंड दुसरीकडे करून बसली.

तिसरी किल्ली धाकटीने मिरीपुढे धरली. "ही तुझी. दार लावायचं किंवा उघडायचं, ते तू सांगायचं."

मिरीने पान्हा खाली ठेवला. किल्ली घेतली, दार बंद केलं, कुलूप लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. पाच वेळा. बिजागरी दर वेळी कुरकुरली, आणि तेल घालायचं राहून गेल्याचं कुणी थोरल्याला ऐकवलं नाही. मग ती आप्पांसमोर येऊन जमिनीवर बसली आणि उजवा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आप्पाआजोबा, ही गाठ सुटत नाहीये."

चार गाठी होत्या, एकीवर एक, दगडासारख्या आवळलेल्या. आप्पांनी चष्मा पुसला, हत्यारांच्या पिशवीतून सर्वात बारीक टोचा काढला, आणि आयुष्यभर कुलपांपुढे बसले तसे त्या बुटापुढे मान वाकवून बसले. पहिली गाठ सैल झाली. मग दुसरी. उजवा बूट निघाला, आणि त्याच्यामागून डावाही.

मिरीने दोन्ही बूट दाराशी नेऊन शेजारी शेजारी ठेवले. किल्ली गळ्यात अडकवली, दार उघडलं, आणि ती अनवाणी पायांनी धडधडत जिना उतरून खाली खेळायला गेली.